आधी गज, मग संगणक

व्हायोलिनची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की जो स्वर निघतो, त्याच्या खाली हे वाद्य उतरत नाही, असा सर्वसाधारण समज होता. १९९४ साली जपानी व्हायोलिनवादक मारी किमुरा यांनी न्यूयॉर्कच्या मर्किन हॉलमध्ये तार जराही न उतरवता त्याखालचे स्वर वाजवून दाखवले. त्यात वीज नव्हती, संगणक नव्हता. गजाचा दाब, त्याचा वेग आणि तारेवरची जागा त्यांनी इतकी नेमकी सांभाळली की तारेच्या कंपनाला दुप्पट वेळ लागू लागला आणि स्वर सप्तकभर खाली आला. दाब थोडा चुकला की नुसती करकर!

हे आधी सांगायचे कारण, किमुरांचे नाव आज संगणकाशी जोडले जाते. ज्युलिअर्ड या संगीतशिक्षण संस्थेत १९९८ पासून त्यांनी संगणकासह वादन शिकवले आणि पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत गजाची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर काम केले. एरवी ध्वनिमुद्रित साथीचा ट्रॅक सुरू झाला की कलाकाराला त्याच्यामागे धावावे लागते. कराओकेवर गाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. किमुरांच्या हातमोज्यातला सेन्सर मात्र हाताची हालचाल संगणकाला कळवतो. गायकाच्या तोंडाकडे पाहत ठेका सांभाळणाऱ्या तबलजीचे काम मग संगणकाकडे येते.

गिटारबॉट नावाच्या यंत्रमानवासोबतही त्यांनी वाजवले. त्यात संगीतापेक्षा गंमत जास्त, असे कुणी म्हटले तर वाद घालणार नाही.

यंत्राचे सोडा, आपल्याकडे तर व्हायोलिनच परके. बाळुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणले. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी त्यातून ख्याल उभा केला. वाद्य तेच राहिले, बैठक बदलली. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यालाही पूर्वी नाके मुरडली गेली. आता मोबाइलमधला तानपुरा लावून घरोघरी रियाज चालतो. सोय झाली खरी, पण तारा जुळवताना कानाला मिळणारी तालीम गेली. किमुरांनी यंत्राला हात लावला, पण आपला गजही पारखून घेतला. आपली घाई उलट्या दिशेने चालली आहे.

यंदाच्या अंकात गायक, वादक आणि ध्वनिमुद्रक संगीत आणि यंत्र याच विषयावर लिहीत आहेत. त्यांचे आपसांत पटत नाही आणि संपादकांनी ते मतभेद पुसलेले नाहीत. वाचकांनीही आपले मत जरूर कळवावे.