कडेवरचे नाव

जुन्या युद्धपदकाची पारख करताना नवखा संग्राहक बहुधा दर्शनी बाजूवरील राजा-राणीची मुद्रा पाहतो. जाणकार मात्र पदक आडवे धरून आधी त्याची कड वाचतो, कारण ब्रिटिश अमदानीतील बहुतेक युद्धपदकांच्या कडेवर मानकऱ्याचे नाव, हुद्दा आणि पलटण नोंदलेली असते. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो पदकांपैकी हे नेमके कोणाचे, याचा दुसरा पुरावा त्या धातूवर नसतो.

सोलापूरकरांना या विद्येचा पहिला धडा आपल्याच इतिहासात सापडतो. १० मे १८१८ रोजी जनरल मन्रो याच्या फौजेने सोलापूरच्या तटाबाहेर गणपतराव पानसे यांच्या नेतृत्वाखालील पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि काही दिवसांतच भुईकोट किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. त्या काळातील लढायांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे रौप्यपदक मात्र तब्बल १८५१ मध्ये, तेही तोवर हयात असलेल्यांनाच मंजूर झाले. पदकाच्या फितीवर लढाईचे नाव असलेली एक आडवी धातूची पट्टी बसवली जाई. अशा पट्ट्या खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव यांच्यासाठी निघाल्या, सोलापूरसाठी निघाली नाही. तेव्हा ‘सोलापूर’ अशी पट्टी लावलेले पदक कोणी दाखवल्यास ते बनावट समजावे. उलट पदकावर १७९९ हे आरंभवर्ष असून सर्वांत जुनी पट्टी १८०३ मधील लढाईची आहे, ही विसंगती अस्सल पदकातच असल्यामुळे तिच्यावरून शंका घेऊ नये. युरोपीय सैनिकांची नावे साधारणतः ठशांनी उमटवलेली, तर हिंदी शिपायांची हाताने कोरलेली आढळतात.

पहिल्या महायुद्धातील पदकांची कथा अधिक दुःखद आहे. आजच्या इराकमधील कुत येथील वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या युद्धात सेवा केलेल्या सैनिकांना मिळालेले ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे असल्याने अडीअडचणीला ते सराफाच्या तराजूत आणि तिथून मुशीत गेले, आणि चांदीबरोबर कडेवरचे नावही वितळले. सोबतचे ‘व्हिक्टरी मेडल’ कांस्याचे, म्हणून ते अनेक घरांत एकटेच उरले.

तलवारीची पारख याहून अवघड, कारण तिचे पाते आणि मूठ एकाच वयाचे असतील असे नाही. मराठा सरदारांनी युरोपातून आलेली सरळ, लांब पाती पसंत केली आणि त्यांवर देशी मूठ चढवून घेतली. अशा तलवारीला फिरंग म्हणत. पात्यांवरील युरोपीय कारागिरांच्या खुणांची नक्कल देशी लोहारही करीत, त्यामुळे केवळ ठशावरून जन्मस्थान ठरवणे धोक्याचे असते. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना परत मिळवलेल्या नागपूरकर रघुजी भोसले यांच्या तलवारीचे महत्त्व वाढते ते पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने लिहिलेल्या त्यांच्या नावामुळे व ‘सेनासाहेबसुभा’ या किताबामुळे. तो लेख नसता तर ती एक उत्तम फिरंग एवढीच राहिली असती. ज्यांना हे शास्त्र डोळ्यांनी शिकायचे आहे, त्यांनी अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार सावकाश पाहावे. इतका मोठा ठेवा सोलापूरच्या इतक्या जवळ असणे हे भाग्यच आहे.

हे पुरावे नष्ट होतात ते मात्र बहुतेकदा श्रद्धेने. खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी बाहेर काढलेली तलवार चिंच, राख किंवा पॉलिश लावून वर्षानुवर्षे घासली की आधी मुलामा जातो, मग अक्षरे जातात. पूजेला चकाकी लागत नाही; कोरड्या मऊ कापडाने पुसून पात्याला तेलाचा पातळ हात द्यावा आणि ओल धरणाऱ्या कातडी म्यानात ते कायमचे ठेवू नये.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तलवार बाळगण्याबाबत शस्त्र कायद्याचे नियम स्थानिक पोलिसांकडून समजून घेणे हिताचे असते. ज्या घरांत असे पदक वा पाते आहे, त्यांनी ते विकण्यापूर्वी, घासण्यापूर्वी कडेचे व मुठीजवळच्या लेखाचे छायाचित्र घ्यावे आणि ते घरात कसे आले हे वडीलधाऱ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे.