टपालाचा शेवटचा कोस

लक्ष्मीपूजनाला आपण लक्ष्मीला ओवाळतो, पण तिच्या वाहनाची आठवण सहसा काढीत नाही. घुबडाला कोण ओवाळणार? तरी वाहन आहे खरे. गणपतीला उंदीर, शंकराला नंदी, कार्तिकेयाला मोर. एकदा मिळाले की युगानुयुगे तेच. टपाल नावाची जी देवता आपल्या दाराशी येते तिचे मात्र तसे नाही. तिने इतकी वाहने बदलली आहेत, की एखाद्या हौशी मोटारवाल्यानेही लाजावे!

हा विचार मला डाळजला सुचला. डाळज हे इंदापूर तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गालगतचे गाव. गाव कसले, गावे म्हणा. डाळज नंबर एक, दोन आणि तीन! कामानिमित्त गेलो होतो आणि परतीच्या गाडीची वाट पाहत रस्त्याकडेला उभा होतो. ट्रक, टँकर, आरामगाड्या वाऱ्यासारख्या जात होत्या. थांबायला कुणी तयार नाही. थांबली ती एक जुनी मोटारसायकल. हँडलला पिशवी, पिशवीत टपाल!

पूर्वी टपालाला चाके नव्हतीच, पाय होते. पेशवाईत जासूद जोडीने धावत आणि घाईचा खलिता असला की सांडणीस्वार सुटे. इंग्रजी अमलात हरकारा आला. खांद्यावर थैली, हाती घुंगरांची काठी. घुंगरू वाजले की वाटेवरच्यांनी बाजूला व्हावे आणि जनावरांनीही, अशी योजना! १८५४ साली देशभर एकच दर झाला. पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात कितीही लांब जाऊ लागले. त्या अर्ध्या आण्यात किती माणसांचे पाय झिजत असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मग टांगे आले आणि पाठोपाठ आगगाडी. पुण्याहून पूर्वेकडे निघालेला रूळ १८६० साली सोलापूरला पोचला. तेव्हापासून या मुलखाचे टपाल भीमेच्या काठाकाठाने धावू लागले. आगगाडीच्या डब्यातच कचेरी थाटली गेली. गाडी धावते आहे, डबा हेलकावे खातो आहे आणि आतले कारकून उभ्या उभ्या खणाखणांत पत्रे टाकताहेत! स्वतःच्या घरचे पत्र शोधताना आपली तारांबळ उडते. त्या लोकांनी परक्यांची हजारो पत्रे अशी निवडली.

१९११ च्या फेब्रुवारीत अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेले. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पत्रे साडेसहा हजारांच्या घरात. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीचे टपाल स्वतः विमान चालवून मुंबईला, जुहूच्या मैदानावर उतरवले. पण मला खरे कौतुक नागपूरचे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारी दिशांची विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडायच्या आत परतत. शहर झोपलेले असताना नागपुरात देशाची खुशाली एका हातातून दुसऱ्या हातात जात होती!

तुम्ही म्हणाल, मग डाळजची मोटारसायकल कशाला? सांगतो. पत्राचा प्रवास हजार मैलांचा असला तरी त्याचा कस लागतो शेवटच्या कोसात. १९७२ साली आलेला पिनकोड हा आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतला. त्यातही गंमत पाहा. इंदापूर तालुका पुणे जिल्ह्यात, पण त्याचा पिनकोड सोलापूरसारखा ४१३ ने सुरू होतो. टपाल कलेक्टराची हद्द मानीत नाही, वाटेची सोय मानते. तरी ते आकडे पत्राला डाकघरापर्यंतच नेतात. पुढे माणूसच लागतो.

त्यातून हा मुलूख उजनीचा. १९८० साली धरण पुरे झाले आणि भीमेकाठची जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ आजही पाणी ओसरले की डोके वर काढते. घरे उठून दुसरीकडे गेली, गावांची नावे मात्र तीच राहिली. अशा ठिकाणी पाकिटावरचे नाव वाचून 'हे म्हणजे विहिरीपलीकडचे थोरले घर' एवढे ओळखायला विमान कामाचे नाही.

आणि आता पत्रापेक्षा पैशाचे काम मोठे. २०१८ पासून टपालखात्याची पेमेंट्स बँक आहे. टपालवाला यंत्र घेऊन दारी येतो, म्हातारी अंगठा टेकवते आणि तिच्या खात्यातले पैसे ओसरीवर मोजून तिच्या हाती पडतात. तो आला नाही तर तिला तालुक्याची वाट धरावी लागते; दिवस मोडतो, गाडीभाडे जाते आणि बरोबर न्यायला कुणाचा तरी मुलगा शोधावा लागतो. त्या घरी मोटारसायकलची किंमत विमानाहून अधिक आहे.

२०२५ साली कर्जतहून माथेरानला ड्रोनने टपाल पाठवून पाहिले. जेथे मोटारींना बंदी, तेथे आकाशातून थैली! मला आनंदच आहे. डोंगर चढणाऱ्याचे पाय वाचले तर कुणाला नको? माझी शंका एवढीच, की थैली उतरवल्यावर ड्रोन 'आजी, गुडघे कसे आहेत?' असे विचारणार आहे काय?

तेव्हा वाचकहो, यंदा टपालवाला दारी आला की त्याला दिवाळीची पोस्त तर द्याच, पण घटकाभर बसवून चकली आणि चहाही द्या. आणि गावाकडच्या एखाद्या वडीलधाऱ्याला चार ओळींचे पत्र धाडा. फोनवर बोलणे होतेच हो. पण फोन उशीखाली ठेवून पुन्हा वाचता येत नाही.