जिथे पाणी दळण दळते



दरवर्षी १४ जानेवारीला आपल्या वर्धा जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबे औरंगाबादला जातात. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले, पण आपल्या घराघरांत अजून औरंगाबादच म्हणतात. विद्यापीठाच्या गेटला वंदन करायचे, पुस्तकांच्या दुकानांतून दोन पुस्तके घ्यायची आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचे, असा बहुतेकांचा रिवाज. गेटला वंदन झालेच पाहिजे. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांचे प्राण गेले. नोव्हेंबर १९७९ चा लाँग मार्च तर आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवरूनच निघाला होता. पण एवढ्या लांबचे तिकीट काढून जायचे, तर आणखी एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. बायामाणसांनी तर ठेवावाच.

सकाळी ऊन चढायच्या आत लेणी पाहावीत. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातच ती आहेत. अजिंठा-वेरूळच्या नावापुढे त्यांना कोणी विचारीत नाही. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले उपासक-उपासिका कोरले आहेत, जवळजवळ खऱ्या माणसाएवढे. स्त्री-पुरुष एकाच जागी, एकाच नम्रतेने बसले आहेत. सातव्या लेण्याच्या दर्शनी भागात अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या भोवती आग, साप, हत्ती, बुडते जहाज अशी संकटे दाखविली आहेत. (आपण तेथे नवस बोलायला जात नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आपण. पण दगडात जीव ओतणाऱ्या कारागिराला दाद द्यायला काय हरकत आहे?)

याच लेण्याच्या आतल्या गाभाऱ्यात, बुद्धाच्या सान्निध्यात, एक स्त्री नृत्य करते आहे. तिच्या भोवती वाजविणाऱ्या साऱ्या स्त्रियाच आहेत. कोणाजवळ बासरी, कोणाजवळ झांज, कोणाजवळ ढोल. आपल्याकडे काही मंडळी म्हणतात, धम्मात गाणे-बजावणे बसत नाही. अष्टशीलात नृत्य-गीत वर्ज्य आहे, पण ते उपोसथ पाळणाऱ्यासाठी. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या बौद्धांनी मात्र गाणाऱ्या-वाजविणाऱ्या बायांना थेट गाभाऱ्यात जागा दिली.

दुपारी नागसेनवन. बाबासाहेबांनी १९५० साली येथे कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. राजा मिलिंदाने प्रश्न विचारावेत आणि भिक्खू नागसेनाने उत्तरे द्यावीत, ही त्या नावामागची कथा मुलांना तिथल्याच झाडाखाली सांगावी. भाकरीही तिथेच सोडावी.

मग पाणचक्की. हे शहर मुळात पाण्याच्या नहरींचे. ते वसविले मलिक अंबरने, १६१० मध्ये, खडकी या नावाने. हा मलिक अंबर हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. तोच पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उताराच्या बळावर त्याने शहरात आणले. ना मोटार ना इंजिन. चवदार तळ्याच्या एका ओंजळीसाठी १९२७ साली ज्यांना डोकी फोडून घ्यावी लागली, त्यांनी ही नहर जरा थांबून पाहावी. विकल्या गेलेल्या माणसाने एका शहराची तहान भागविली होती.

पाणचक्की त्यानंतरची, बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची. उंच भिंतीवरून पाणी कोसळते, खाली लोखंडी पात्यांचे चाक फिरते आणि वर दगडाचे जाते. त्या पिठावर फकीर आणि वाटसरू जेवत.

जाते पाहिले की आपल्या आज्या आठवाव्यात. त्यांच्या जात्याला पाणी नव्हते, दंडच होते. पहाटे तीनला उठून दळताना त्या बाबासाहेबांवर, रमाईवर ओव्या रचीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या जन्मभर जमविल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या भीमाच्या ओव्या त्यांनी १९९६ साली टेपवर घेतल्या, म्हणून त्या आज ऐकायला मिळतात. देवळी, आर्वी, सेलू, हिंगणघाटच्या म्हाताऱ्यांनी काय कमी ओव्या म्हटल्या असतील? गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी तोंडातच राहिली.

संध्याकाळी गेटजवळ भीमगीते ऐकावीत. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) गावोगाव पायपीट करून जी गाणी पेरली, ती हार्मोनियम-ढोलकीवर ऐकताना शब्द कळतो आणि काळजाला भिडतो. डीजेच्या भिंतीपुढे छाती तेवढी धडधडते. पोरांनी नाचावे, त्याला आमची ना नाही. पण गायन पार्टीच्या पेटीत दहा-वीस रुपये टाकूनच पुढे जावे. तीही घरदार सोडून आलेली माणसे आहेत.

परतीच्या प्रवासात रात्र मोठी असते. सोबत आजी असेल तर तिला खिडकीजवळ बसवा आणि जात्यावरचे काही आठवते का, विचारा. पहिल्यांदा ती नाही म्हणेल, लाजेल. एखादी ओळ निघाली की दुसरी आपोआप येते. मोबाइलवर आवाज भरून घ्या. घरी आल्यावर वहीत उतरवा आणि खाली तिचे नाव, माहेरचे गाव आणि ती कोणाकडून शिकली, हेही लिहून ठेवा.