कवडशातला सूर्य

कौलारू घरात जमिनीवर पडणारे कवडसे तुम्ही रोज पाहता. कौलांतल्या फटी वेड्यावाकड्या असतात, मग कवडसा गोल का? कारण तो फटीचा आकार नव्हे, ते सूर्याचे चित्र आहे. त्याचे मापही ठरलेले आहे. बारीक भोकापासून नऊ फुटांवर सुमारे एक इंच रुंद चित्र पडते. ग्रहणात हाच कवडसा कोरीसारखा होतो.

हे आताच सांगण्याचे कारण असे की, सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढ अमावास्येला, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. दिवस पावसाचे. पण ढग जरा फाटले की पोरे अंगणात धावणार आणि घरची नाहीतर शाळेची दुर्बीणही बाहेर निघणार. म्हणून तयारी आधी हवी.

भिंगाने कापूस पेटतो हे पोरांनाही ठाऊक आहे. दुर्बिणीतून सूर्य पाहिला तर त्या कापसाच्या जागी आपला डोळा असतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजला तरी त्या वेळी दुखत नाही, आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

मग दुर्बीण वापरायची कशी? सूर्य कागदावर उतरवावा. दोन नळ्यांची दुर्बीण असेल तर एका नळीचे टोपण लावूनच ठेवावे. मोठ्या दुर्बिणीवर नेम धरायची छोटी दुर्बीण असते, तीही झाकावी. नळीभोवती पुठ्ठ्याची चकती बसवावी, म्हणजे कागदावर सावली राहते. नेम डोळ्याने धरू नये. जमिनीवर नळीची सावली सर्वांत आखूड झाली की नळी सूर्याकडे वळली. डोळा लावायच्या भिंगामागे फूटभर अंतरावर पांढरा कागद धरावा आणि चित्र रेखीव होईपर्यंत भिंग फिरवावे. दर दोन मिनिटांनी नळी बाजूला वळवून थंड होऊ द्यावी. आतले प्लॅस्टिक उन्हाने वितळते. आणि दुर्बिणीपाशी एक मोठे माणूस सतत उभे हवे.

थेट पाहायचे तर सूर्यासाठीच बनवलेला फिल्मचा फिल्टर लागतो, आणि तो नळीच्या पुढच्या तोंडावरच बसवावा. मागे, डोळ्याशी बसवलेली काळी काच एकवटलेल्या उन्हाने तडकते. पुठ्ठ्याचे घट्ट कडे करून फिल्म त्यात चिकटवावी आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडे नळीला चिकटपट्टीने बांधावे. आधी ती दिव्यासमोर धरून पाहावी. टाचणीएवढे भोक दिसले तरी टाकून द्यावी. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल यांवर भरवसा ठेवू नये. परातीतल्या पाण्यात दिसणारा सूर्यही टक लावून पाहण्याजोगा नसतो.

मोबाइलने फोटो काढायचा तर सोपा मार्ग कागदावरच्या चित्राचा फोटो. पुढे फिल्टर असेल तर मोबाइलचा कॅमेरा डोळ्याच्या भिंगासमोर नीट मधोमध आणून रबराने बांधावा. फिल्टर नसताना मोबाइलही तिथे लावू नये. त्याचा कॅमेरा जळेल.

आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या टिपतात त्या लहरी ढगांतूनही येतात. आपल्याला मात्र उघडे ऊन हवे. आणि २ सप्टेंबर २०२३ रोजी आकाशात गेलेल्या आदित्य-एल१ यानावर पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने बनलेली ‘सूट’ दुर्बीण आहे. तिच्याही तोंडाशी ऊन अडवणारा फिल्टर बसवलेला आहे.

ग्रहणाची वाट पाहायचे कारण नाही. उघडीप मिळेल त्या दिवशी कागदावर सूर्य उतरवा. त्यावर काळे डाग दिसले तर पेन्सिलीने टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. डाग सरकलेले दिसतील. सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे पोरे मग पुस्तकाशिवाय सांगतील.