मागचं पान खोडू नका



चातुर्मासात काही महिला मंडळांत साखळी कथा लिहितात. एकीने सुरुवात करायची, दुसरीने पुढे न्यायची, अशी वही घरोघर फिरते. रांगोळी आणि प्रश्नमंजूषेपेक्षा मला हा उपक्रम जास्त आवडतो, कारण यात पहिला-दुसरा नंबर नसतो. पण एक नियम हवाच, असं माझं ठाम मत आहे: आधीच्या बाईने लिहिलेलं पुढचीने बदलायचं नाही.

ओळखीतल्या एका मंडळातली गोष्ट सांगते. नुकतंच लग्न होऊन आलेल्या एका मुलीची पाळी होती. तिने लिहिलं, की कथेतल्या सुनेला बी.एड. करायचंय, सासरे नको म्हणतात, तरी ती सगळ्यांसमोर "मला शिकायचंय" असं सांगते. पुढची पाळी एका काकूंची. त्यांनी ते पान काढून नवीन लिहिलं. त्यात सुनेने माफी मागितली आणि घर शांत झालं. काकूंचा हेतू वाईट नव्हता. "आपल्या मंडळाच्या कथेत असं कसं चालेल?" एवढंच त्यांना वाटलं. त्या मुलीने पुन्हा वही घेतली नाही. विचारलं तर म्हणाली, "वेळ नाही." या उत्तराचा अर्थ आपल्याला कळतो ना?

घरात जे बोलता येत नाही, ते कथेतल्या बाईच्या तोंडी घालता येतं. ते पान काढलं की तिचं बोलणंच काढून घेतलं.

आपली परंपरा याबाबतीत काय सांगते? गिरनारच्या गुहेत धरसेनाचार्यांकडून पुष्पदंत आणि भूतबली या दोघांनी ज्ञान घेतलं. पुष्पदंतांनी षट्खंडागमाची पहिली १७७ सूत्रं रचून जिनपालितांबरोबर भूतबलींकडे पाठवली. भूतबलींनी तिथूनच पुढे रचना केली. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आपण त्याच ग्रंथाची पूजा करतो. जयधवला टीका वीरसेनस्वामींनी २०,००० श्लोकप्रमाण लिहिली आणि शिष्य जिनसेनांनी पुढची ४०,००० लिहून पूर्ण केली. जिनसेनांचं आदिपुराण ४३व्या पर्वात थांबलं, ते त्यांच्या शिष्याने, गुणभद्रांनी, ४७ पर्वांपर्यंत नेलं. शास्त्र ते शास्त्र, आपली वही ती वही. बरोबरी करत नाही. पण रीत घेण्यासारखी आहे: हाती आलेलं जपायचं आणि त्यापुढे आपलं जोडायचं.

मग आधीचं पटलं नाही तर? उत्तर आपल्या पाळीत द्या. काकूंना सासऱ्यांची बाजू लिहिता आली असती. फीचे पैसे कुठून आणायचे, धाकट्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय, म्हणून ते नको म्हणत असतील. सूनही खरी, सासरेही खरे. स्वाध्यायात आपण अनेकांत शिकतो, तो वापरायला याहून सोपी जागा कोणती? आणि कथाही पुढे गेली असती. माफी मागितली की कथा संपलीच.

शुद्धलेखन सुधारायचं असेल तर जिने लिहिलं तिला विचारून सुधारा. पाच-सात जणीच घ्या, प्रत्येकीला तीन-चार दिवस द्या. कुणाच्या घरची खरी गोष्ट ओळखू येईल असं मात्र लिहू नका. तेवढा संयम आपल्या लेखणीला हवा.

"हे माझं पान" हा मोह सोडणं सोपं आहे, कारण वही द्यावीच लागते. "कथा माझ्या मनासारखीच व्हावी" हा मोह सोडणं कठीण. मला वाटतं, चातुर्मासात हेही एक व्रत म्हणून घ्यायला हरकत नाही. यंदा वही सुरू कराल तेव्हा पहिल्या पानावर हा नियम लिहा, आणि पहिली पाळी सर्वांत धाकट्या सुनेला द्या.