शिक्षकाचे नाव कोठे?

हुबळीच्या देशपांडे नगरात सवाई गंधर्वांच्या नावाचे सभागृह आहे. रामभाऊ कुंदगोळकर स्वतः थोर गवई होते खरे. परंतु आज त्यांचे नाव निघते ते बहुधा गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर यांचे गुरू म्हणून. गाण्यात शिष्याची कीर्ती गुरूच्या खाती आपोआप जमा होते. क्रिकेटमध्ये मात्र तसे घडत नाही.

त्याच परिसरातील गदगच्या सुनील जोशी यांचे उदाहरण पाहावे. गंगूबाई शिकावयास हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास जात. जोशी शाळकरी वयात सरावासाठी पहाटे गदगहून हुबळीस येत आणि परतून शाळेची वेळ गाठीत. १९९६ साली ते भारताकडून कसोटी खेळले. १५ कसोट्यांत ४१ बळी त्यांनी मिळविले. १९९९ साली नैरोबीस दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० षटकांत अवघ्या ६ धावा देऊन त्यांनी घेतलेले ५ बळी रसिक अजून विसरलेले नाहीत.

पण त्यांची पुढची कामगिरी कितीजणांस ठाऊक आहे? २०१४ साली जम्मू-काश्मीरने रणजी सामन्यात बलाढ्य मुंबईस वानखेडे मैदानावर हरविले, तेव्हा त्या संघाचे शिक्षक जोशीच होते. २००० साली ढाक्यास, बांगलादेशाच्या पहिल्याच कसोटीत, ८ बळी आणि ९२ धावा करून ते सामन्याचे मानकरी ठरले होते. २०१७ पासून सुमारे दोन वर्षे त्यांनी त्याच देशाच्या फिरकी गोलंदाजांना शिकविले. २०१८ साली त्या गोलंदाजांनी दोन कसोट्यांत वेस्ट इंडीजचे ४० पैकी ४० गडी टिपले. धावफलकावर शिक्षकाच्या नावाला जागा नव्हती.

कोणी म्हणेल, प्रशिक्षक हा करारावरचा पगारी माणूस. गुरूशी त्याची तुलना कशाला? मला हा आक्षेप पटत नाही. कोल्हापूर दरबारी अल्लादिया खाँसाहेबही वेतनावरच होते; तेवढ्याने त्यांची विद्या उणी ठरली नाही. करार संपतो, पण एकदा मनगटात उतरलेली विद्या परत घेता येत नाही.

म्हणून सामन्याच्या नोंदीत कर्णधाराबरोबर शिक्षकाचेही नाव छापण्याची प्रथा क्रिकेट मंडळांनी पाडावी. त्यास एका ओळीचाच काय तो खर्च. गवयाची ओळख करून देताना घराणे सांगितल्यावाचून आपले भागत नाही. मग गोलंदाज कोणाच्या हाताखाली तयार झाला, हे विचारावयास नको काय?