कूपन म्हणजे काटकसर नव्हे!

दिवाळीच्या तोंडावर कोणाच्या घरी सामानाच्या भरल्या पिशव्या येऊन पडल्या, की "किती खर्च झाला?" असे हल्ली कोणी विचारीत नाही. "किती वाचले?" असे विचारतात! आणि गंमत अशी, की वाचल्याचा आकडा घरातल्या लहान पोरालाही तोंडपाठ असतो; खर्चाचा आकडा मात्र कोणालाच धड सांगता येत नाही. हा जो उफराटा हिशेब आपल्या घराघरांत शिरला आहे, त्याच्याविरुद्ध मला चार शब्द स्पष्ट बोलावयाचे आहेत. सणाच्या दिवसांत कडू बोलू नये म्हणतात. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला लावतातच की! तेवढे कडू वाचकांनी गोड मानून घ्यावे.

मी शाळेत गणित शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, तेव्हा अर्थशास्त्राचा आव मी आणणार नाही. जे सांगावयाचे ते चौथीच्या गणितात बसेल एवढेच.

आमचे पनवेल हे जुन्या बाजाराचे गाव. नगरपालिका १८५२ सालची. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. उरण नाक्यावर भाजी घेतली, तर भाजीवाली न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या वर घालते. ती देणगी बिनशर्त असते. "अमुक तारखेच्या आत या" असे तिच्यावर छापलेले नसते. त्याच गावात आता फोन किणकिणतो आणि त्यावर कूपन येऊन पडते : "पंधराशेच्या खरेदीवर दोनशे रुपये सूट! आज रात्रीपर्यंतच!" आता गणित मांडू. बाईंची यादी ११५० रुपयांची आहे. दोनशेच्या आशेने त्यांनी आणखी ३५० रुपयांचे सामान घेतले : एक सुगंधी साबणांचा डबा, दोन बिस्किटांचे पुडे, आणि पाहुणे आलेच तर म्हणून सरबताची बाटली. बिल झाले १५००, सूट वजा जाता १३००. घरी येऊन त्या सांगतात, "दोनशे वाचले." अहो, ११५० च्या जागी १३०० गेले! म्हणजे दीडशे रुपये जास्त खर्च झाला. शाळेत पोराने असे उत्तर लिहिले, तर मी त्याला पुन्हा वजाबाकी करावयास लावीन.

दुसरे उदाहरण घ्या. समजा, एका डाळीचा अर्ध्या किलोचा पुडा ६४ रुपयांना आहे. शेजारी चारशे ग्रॅमचा पुडा ५८ ला, आणि त्यावर पाच रुपयांचे कूपन. हात कुठे जातो? कूपनाकडे! पण पहिली डाळ किलोला १२८ रुपये पडते, आणि कूपनवाली साडेएकशे बत्तीस. पुड्यावर दर ग्रॅमची वा दर किलोची किंमत छापली जावी, अशी दुरुस्ती सरकारने नियमांत २०२१ साली केली ती याचसाठी. पण तो बारीक आकडा वाचतो कोण? आपण वाचतो ती काट मारलेली मोठी किंमत. त्या किमतीबद्दल कादंबरीकार म्हणून मी एवढेच म्हणेन, की तिच्यात पुष्कळदा कल्पित वाङ्मयच अधिक असते. पुड्यावरची छापील किंमत ही कमाल किंमत आहे. तिच्या वर घेणे गुन्हा; खाली विकणे हा काही उपकार नव्हे.

हे केवळ माझे कुजके बोल नव्हेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. एखाद्या वस्तूचा पैसा सौद्यात पूर्णपणे वा अंशतः वसूल करून ती फुकट दिल्याचा भास निर्माण करणे, हे त्या यादीत आहे. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फोनवरच्या व संगणकावरच्या दुकानांच्या तेरा फसव्या युक्त्या नावानिशी वर्ज्य ठरवल्या. त्यांत खोटी घाई करणे आहे, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणे आहे, आणि "नको" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ओशाळे करणे हेही आहे!

आता कोणी म्हणेल, "बाई, महागाई एवढी वाढली आहे, नि चार पैसे मिळत असताना तुम्ही आडव्या का येता?" खरे आहे, महागाई आहे. म्हणूनच तर बोलते! ही सूट मिळते कोणाला, हे एकदा पाहा. ज्याच्याजवळ चांगला फोन आहे, बँकेचे कार्ड आहे, आणि एका वेळी पंधराशे रुपये मोजण्याची ऐपत आहे, त्याला. आपल्या घरी भांडी घासून संध्याकाळी जाताना पावशेर तेल नि अर्धा किलो तांदूळ नेणारी बाई पूर्ण किंमत मोजते. ज्याची गरज अधिक त्याला सूट नाही, आणि ज्याची गरज कमी त्याला आग्रह! भाव हा पूर्वी सर्वांचा प्रश्न होता. कूपनाने तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा केला. माझे खरे भांडण आहे ते इथे.

१९७२ साल आठवा. महाराष्ट्रात दुष्काळ, धान्य नि तेल दिसेनासे झालेले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायकांनी महागाईविरुद्ध समिती उभी केली आणि मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांनी स्वतःपुरती सवलत मागितली नव्हती. रास्त भाव मागितला होता, आणि तो सर्वांसाठी. त्यांच्याच लेकी-सुना आज फोनवर नख घासून पाहतात, आत काय निघते म्हणून! लाटण्याने भाव विचारला जात असे. कूपनाने तो विचारण्याचे आपण विसरलो.

तोडगा नाही असे मात्र नव्हे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. मुंबईच्या पंचायतीची रीत साधी : शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावयाचा, महिन्याची यादी आधी द्यावयाची, माल घाऊक भावाने एकत्र घ्यावयाचा, आणि आपापसांत वाटून घ्यावयाचा. इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली पीठ, साखर, लोणी नि मेणबत्त्या घेऊन स्वतःचे दुकान मांडले, त्यातही हीच अक्कल होती. यात यादी गिऱ्हाइकाची असते, व्यापाऱ्याची नव्हे. सगळा फरक एवढाच, पण तो जमीन-अस्मानाचा आहे. आपल्या इमारतीतल्या दहा घरांनी फराळाचे पोहे, बेसन, रवा नि खोबरे एकत्र आणले, तर त्यासाठी कोणाच्या कूपनाची वाट पाहावी लागत नाही.

"मग आलेले कूपन केरात टाकावे काय?" असे मी म्हणत नाही. वापरा, पण मालकीण होऊन वापरा. ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी पहिला महिना कूपनाला हातच लावू नये. एक वही करावी. घरात काय, किती लागते आणि किलोला काय भाव पडतो, एवढेच लिहावे. दुसऱ्या महिन्यापासून नियम एकच : यादी आधी, कूपन मागाहून. यादीत नसलेल्या वस्तूवर शंभरातले नव्वद सुटले, तरी उरलेले दहा वाया गेले असे समजावे. कूपनाची मुदत, किमान खरेदी आणि सुटीची कमाल मर्यादा, ही तीन बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावी. दुकानात फोनचा नंबर मागितला, तर तो देण्याची सक्ती नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना तशी सूचनाच दिली आहे. नंबर हीदेखील एक किंमत आहे, आणि ती पावतीवर दिसत नाही. फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

आणि शेवटचा नियम सर्वांत अवघड. वाचले म्हणता ना? मग तेवढे पैसे त्याच दिवशी डब्यात वा पोस्टाच्या खात्यात टाकून दाखवा. टाकता आले तर ती काटकसर. न आले तर ती नुसती जाहिरात होती, आणि तिचा खर्च आपण भरला!

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वहीची पूजा करतो. त्याला ठाऊक आहे, लक्ष्मी कुठे राहते ते. यंदा गृहिणींनीही आपली वही पाटावर मांडावी, तिला हळदकुंकू वाहावे, आणि पहिल्या ओळीवर खर्चाचा खरा आकडा लिहावा.